मारुती ८००चा गंजलेला पत्रा घरी उतरवून दुरुस्त करताना

मे २००८ मध्ये रत्नागिरीत नोंदणी झालेल्या आमच्या पांढऱ्या मारुती ८००ची मुदत मे २०२३ मध्ये संपणार होती. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यामुळे २०२२चा पाऊस ओसरला, तेव्हा गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हे ठरवणे भाग होते. इंजिनाची चिंता नव्हती. ७९६ सीसीचे ते तीन सिलिंडरचे इंजिन बाबांनी कसोशीने सांभाळले होते. प्रश्न पत्र्याचा होता. आमचे घर समुद्रापासून जवळ, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि गाडी कायम अंगणात उभी. डाव्या पुढच्या फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आले होते, दारांच्या तळकडा तपकिरी झाल्या होत्या, उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर बोटभर जागेत रंग उचलला होता आणि चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा दिवाळी आली तरी ओलाच होता.

दिवाळीच्या आधी दोन गॅरेजांत गाडी दाखवली. पहिल्या ठिकाणी पस्तीस हजारांचा अंदाज मिळाला. आतल्या गंजाचे काय करणार, असे विचारल्यावर गाडी बाहेरून नवी दिसेल, एवढेच उत्तर आले. दुसऱ्यांनी इतक्या जुन्या गाडीवर खर्च करू नका, असे सांगून विषय संपवला. वरून घासून पुट्टी भरायची आणि रंग मारायचा, हा प्रकार आम्ही २०१५ मध्ये एकदा करून घेतला होता आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत तेच फुगे त्याच जागी परत आले होते. असे का होते, हे वाचून समजून घेतले तेव्हा गॅरेजच्या त्या उत्तराने समाधान होणे शक्य नव्हते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. बाहेर फुगा दिसतो तेव्हा गंजाने पत्रा बहुधा मागच्या बाजूने आधीच खाल्लेला असतो. त्यावर भरलेली पुट्टी ओलावा शोषून घेते आणि गंजाला खाऊ घालत राहते. पत्र्याचे काम आतून बाहेर करायचे असते, हे त्या वाचनातून कळले आणि ते आतून करायचे तर पत्रा उतरवावाच लागतो. बाबांना विचारले. ते म्हणाले, "तुला जमेल असं वाटत असेल तर कर, पण उघडून अर्धवट ठेवू नकोस." तेवढ्यावर आम्ही काम घरी करायचे ठरवले.

काम सुरू करण्याआधी कागदाची एक गोष्ट तपासून घेतली, ती इतरांनाही उपयोगी पडेल. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. तो बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयाला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते, नाहीतर तपासणीच्या वेळी तेथेच अडते. आम्ही मूळचाच पांढरा रंग ठेवायचे ठरवले. रंगाचा संकेतांक बोनेटखालच्या पट्टीवर असतो. आमच्या गाडीवर २६यू असा होता आणि रंगाच्या दुकानात तेवढ्यावर रंग मिसळून मिळतो. साधा पांढरा असल्यामुळे पुढे छटा जुळवण्याचा त्रास वाचला. चंदेरी किंवा इतर मेटॅलिक रंग असता तर एक-दोन भाग रंगवून भागले नसते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडवीच्या बाजूला चार बांबू रोवून वर पत्रे टाकले आणि तीन बाजू मोकळ्या ठेवल्या. बंद खोलीत हे काम करू नये, कारण रंग काढण्याच्या द्रावणाची आणि थिनरची वाफ साठते. अवजारांत चार इंची ग्राइंडर, तारेचे गोल ब्रश, रंग खरवडण्याच्या जाड नायलॉनच्या चकत्या, दोन टनांचे दोन स्टँड आणि दहा व बारा नंबरचे लांब दांड्याचे पाने घेतले. सर्वांत विचार करून घेतलेली वस्तू म्हणजे मास्क. कापडी किंवा करोनाच्या काळातला मास्क धूळ काही प्रमाणात अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या बसवलेला रबरी मास्क लागतो आणि तो आम्हाला एकोणीसशे रुपयांना पडला. ग्राइंडरच्या ब्रशमधून तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात, म्हणून डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा असल्याशिवाय ग्राइंडर सुरू करायचा नाही, असा घरात नियम केला.

१२ नोव्हेंबरला पहिला बोल्ट सैल केला. त्याआधी बॅटरीची ऋण तार काढून ठेवली. पुढचा फेंडर वेल्डिंगने नव्हे तर बोल्टांनी बसवलेला असतो, ही या गाडीची मोठी सोय आहे, तरी तो सुटण्यापूर्वी बंपर, दिवा, बाजूचा इंडिकेटर आणि चाकाच्या आतले प्लास्टिकचे आवरण काढावे लागते. मग बोनेटच्या कडेच्या खाचेतले वरचे बोल्ट, दिव्याजवळचे बोल्ट, खाली रनिंग बोर्डाला, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीला, धरणारा बोल्ट आणि दार पूर्ण उघडल्यावरच दिसणारा, दाराच्या खांबातला बोल्ट, अशा क्रमाने जायचे. हे सगळे दहाच्या पान्याने सुटतात. वरचे बोल्ट सहज आले. खालच्याचे डोके गंजाने गोल झाले होते, म्हणून त्यावर गंज सैल करणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी थोडे सैल, थोडे घट्ट, पुन्हा थोडे सैल असे फिरवत काढले. एकाच दिशेने जोर लावला तर सहा मिलिमीटरचा बोल्ट मोडतो आणि मग तुकडा ड्रिलने काढून नवे आटे पाडावे लागतात. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर कायमच्या शाईने जागेचे नाव लिहिले आणि काढण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो घेतला. वायरिंगच्या जोडांचे फोटो तर दोन बाजूंनी घ्यावेत, कारण मध्ये महिने जातात आणि आठवण पुरत नाही.

फेंडर उचलला तेव्हा त्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबाला चिकटून, जांभ्याच्या लाल मातीचा मुठीएवढा गोळा निघाला. त्यात आंब्याची कुजलेली पाने होती, सुरंगीच्या फुलांचे वाळके देठ होते आणि नोव्हेंबर अर्धा उलटला होता तरी गोळा दाबल्यावर बोटांना पाणी लागत होते. समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत गेलेली पाने तेथे येऊन साचत, पाण्याची वाट बंद होई आणि पाणी फेंडर व खांब यांच्या मधल्या फटीत चार-चार महिने उभे राही. माती काढून तेथे पेचकसाच्या मुठीने हलके ठोकले, तेव्हा चांगल्या पत्र्याचा टणत्कार येण्याऐवजी कागदासारखा आवाज आला आणि पुढच्या ठोक्याला रनिंग बोर्डाच्या पुढच्या टोकाचा वीतभर तुकडा आत गेला. गालिचा ओला का राहतो, याचे उत्तर तेथे होते. पाणी या भोकातून आत शिरून गालिच्याखालच्या फेल्टमध्ये मुरत होते.

त्या संध्याकाळी मी खरोखर घाबरले होते. फेंडर हा केवळ आवरणाचा भाग आहे, पण रनिंग बोर्ड हा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. मारुतीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, दाराखालच्या या पोकळ पेट्या, तळ आणि खांब मिळूनच गाडीचे वजन पेलतात. दुसऱ्या दिवशी गालिचा, फेल्ट आणि सीट काढून तळ तपासला. चालकाच्या टाचेखाली रुपयाएवढी दोन भोके होती, बॅटरीखालचा पत्रा आम्लाने सच्छिद्र झाला होता, मात्र रनिंग बोर्डाची आतली भिंत ठणठणीत होती. ते पाहिल्यावर धीर आला. आतली भिंत गेलेली असती, तर काम घरी करण्याचा विचार मी त्याच दिवशी सोडला असता आणि कोणालाही तोच सल्ला देईन. पत्रा सडलेला असेल तर जॅकसुद्धा रनिंग बोर्डाखाली लावू नये. तो आत घुसून गाडी खाली येऊ शकते. सस्पेन्शनच्या आडव्या पट्टीखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा आणि गाडीखाली जाण्यापूर्वी स्टँड लावलेलेच असावेत.

खर्चाचा आणि वेळेचा खरा अंदाज येथे आला. फेंडर उतरवण्यापूर्वी केलेली यादी बाजूला ठेवून नवी यादी केली : दोन्ही फेंडर नवे, डाव्या रनिंग बोर्डाचे पुढचे टोक, तळाचे दोन तुकडे, बॅटरीची बैठक, दारांच्या तळकडा, उजवी मागची कमान. मागची कमान गाडीच्या बाजूच्या पत्र्याशी एकसंध असते, बोल्टांनी सुटत नाही, म्हणून तिला जागेवरच तुकडा लावावा लागणार होता. फेंडर रत्नागिरीत मिळाले नाहीत. कोल्हापूरच्या एका दुकानातून फोनवर मागवले, चौदाशे रुपयांना एक. ते आंबा घाटातून मालवाहू गाडीने यायला डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. बाजारी फेंडर मूळ फेंडरपेक्षा थोडा पातळ असतो आणि भोके नेमकी जुळतातच असे नाही. म्हणून रंगाआधी तो एकदा गाडीवर बसवून, बोनेट आणि दार लावून फटी पाहाव्यात. आमच्या उजव्या फेंडरची दोन भोके कानशीने थोडी लांबट करावी लागली. हे रंग झाल्यावर कळले असते तर रंग खरवडला गेला असता.

फेंडरची वाट पाहत असताना रंग काढण्याचे काम चालू ठेवले. मोठ्या सपाट भागांवर रंग काढण्याचे द्रावण ब्रशने लावले, वर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि रंग सुरकुतल्यावर बोथट पट्टीने ओढून काढला. २०१५ची पुट्टी दाराच्या खालच्या भागात काही ठिकाणी पाच मिलिमीटर जाड निघाली. ती शोधायला साधे लोहचुंबक पुरते : फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवले की पुट्टीच्या जागी त्याची पकड सुटते. कडा आणि कोपरे नायलॉनच्या चकतीने साफ केले. खरखरीत दगडी चकती वापरू नये. ती पत्रा तापवते आणि आधीच पातळ झालेला पत्रा आणखी खाते. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेली लहान भोके असतात. आमच्या चारही दारांची ती भोके मातीने बुजली होती आणि दार आतून पाण्याची टाकी झाले होते. हे काम तर कोणीही, कोणतेही अवजार न घेता, झाडूच्या काडीने करू शकतो आणि दर मेमध्ये करावे.

आमच्याकडच्या हवेत एक गोष्ट फार जपावी लागली. उघडा केलेला पत्रा संध्याकाळी चकचकीत असतो आणि सकाळी त्यावर नारिंगी थर दिसतो. म्हणून एका दिवसात जेवढ्याला प्रायमर लावून होईल, तेवढाच भाग उघडा करायचा, ही शिस्त पाळली; दार एका वेळी एकच, तेही सकाळी दव सुकल्यावर सुरू करून दुपारी चारच्या आत प्रायमरखाली. खोल खड्ड्यांतला जो गंज तारेच्या ब्रशने निघाला नाही, तेथे फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावले. ते लावल्यावर गंज काळा पडतो, पण आम्ल पुसून, पाण्याने धुऊन पत्रा पूर्ण कोरडा करावाच लागतो, नाहीतर त्यावर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. इपॉक्सी प्रायमर दोन डब्यांचा असतो, मोजून मिसळावा लागतो आणि ब्रशने लावता येतो. साधा लाल रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, पण तो ओलावा तितकासा अडवत नाही, म्हणून समुद्राकाठी मी तो सुचवणार नाही.

वेल्डिंग मी स्वतः केले नाही. पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला साध्या रॉडचे वेल्डिंग भोके पाडते आणि गॅसच्या ज्योतीने पत्रा दूरवर तापून लाटा येतात. त्यासाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या, वेल्डिंगचे यंत्र आणि सरावाचा हात लागतो. मिरजोळे औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक काका सुटीच्या दिवशी यंत्र घेऊन घरी यायला तयार झाले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ते पहिल्यांदा आले. तोवर मी ०.८ मिलिमीटरच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्यातून तुकडे कापून, पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून वाकवून तयार ठेवले होते, त्यामुळे त्यांचा वेळ आणि माझे पैसे वाचले. सडलेला भाग कापताना गंजाच्या कडेने न कापता, चांगला चकाकता पत्रा लागेपर्यंत बोटभर पुढे जाऊन कापावा, कारण गंजक्या कडेला वेल्डिंगचा टाका धरतच नाही.

रनिंग बोर्डाचे टोक कापण्याआधी काकांनी गाडी स्टँडवरून उतरवून चारही चाकांवर उभी करायला लावली आणि दार बसवून त्याची फट वर, मध्ये व खाली मोजली. गाडी जॅकवर असताना ती पेटी कापली तर सांगाडा किंचित वाकतो, वेल्डिंग त्याच स्थितीत होते आणि पुढे दार कायमचे अडकत राहते. मग त्यांनी एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये, असे लांब-लांब टाके मारले आणि प्रत्येकानंतर ओल्या फडक्याने जागा निववली. मी पुढचा तुकडा पकडून घाई करत होते, तेव्हा ते म्हणाले, "थांबा ताई, पत्र्याला हात लावून बघा, हाताला सोसला की मग पुढचा." सबंध सकाळ त्या वीतभर तुकड्यात गेली. दुपारी दार लावले तर फट पूर्वीइतकीच होती. तळाचे तुकडे लावताना आतला डांबरी थर आणि फेल्ट वीतभर मागेपर्यंत खरवडून घेतला होता, तरी एकदा ठिणगीने धूर निघाला; पाण्याची बादली आणि ओले पोते हाताशी ठेवलेले कामी आले. मागच्या कमानीचे वेल्डिंग पेट्रोलच्या टाकीच्या जवळ येते. ती टाकी आदल्या दिवशी रिकामी करून, पूर्ण उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्याशिवाय काकांनी तिकडे यंत्र नेले नाही.

आणखी एक जागा सांभाळायची असते, ती म्हणजे चासी नंबर. या गाडीत तो इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर कोरलेला असतो. त्या पट्टीवर ग्राइंडर, कानस, पुट्टी किंवा जाड रंग यांपैकी काहीही लावू नये. मी तेथे आरंभीच चिकटपट्टी लावून ठेवली होती. तपासणीच्या वेळी याच आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतात आणि आकडा अस्पष्ट असला तर गाडीच्या ओळखीचाच प्रश्न उभा राहतो.

फेब्रुवारी पुट्टी आणि घासण्यात गेला. टाक्यांच्या रेषा घासून सपाट केल्या, इपॉक्सीचा हात दिला आणि त्यावर पॉलिस्टर पुट्टी पातळ थरांत लावली. शंभर ग्रॅम पुट्टीला दोन ग्रॅमच्या आसपास हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारे रसायन, पुरतो. जास्त घातला तर पुट्टी हातातच घट्ट होते आणि पुढे रंगातून डाग वर येण्याची भीती असते. एका वेळी लिंबाएवढीच पुट्टी मिसळावी. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त भरावी लागत असेल, तर पत्रा पुन्हा डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने सरळ करावा. घासताना ऐंशी नंबरच्या कागदाने आकार द्यायचा, मग एकशे ऐंशी, मग तीनशे वीस आणि कागद बोटांखाली न धरता लाकडी सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा, कारण बोटांनी घासले की बोटांएवढे खळगे पडतात. खळगे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यावर काळ्या स्प्रेचा विरळ शिडकावा करून ठोकळ्याने हलके घासले की उंच जागा पांढऱ्या होतात आणि खोल जागा काळ्या राहतात. मला या सबंध कामात सर्वांत आवडलेला भाग हाच. सकाळच्या तिरप्या उन्हात दारावरून तळहात फिरवला आणि काही लागले नाही, की तेवढा दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे.

अखेरचा रंग घरी मारायचा नाही, हे आधीच ठरवले होते. टिकाऊ रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्यापासून कार्बनचा मास्कही भरवशाचे संरक्षण देत नाही; त्यामुळे कायमचा दम्याचा विकार जडू शकतो. रंगशाळेत बाहेरून हवा पुरवणारे मास्क आणि हवा खेचणारे पंखे असतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडी तेथे नेली. चारशे आणि सहाशेच्या वॉटर पेपरने घासण्याचे काम आम्ही करून दिल्यामुळे त्यांनी चौदा हजारांत रंग मारून दिला. मध्ये त्यांच्याकडे दुसरी कामे आली आणि गाडी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, घरी परत आली.

जोडणीत घाई केली नाही. फेंडर लावण्याआधी सगळ्या जोडांवर सीम सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप, भरला, रनिंग बोर्डाच्या आणि दारांच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारले आणि पाण्याची भोके मेणाने बुजली नाहीत ना, हे तारेने पाहून घेतले. तळाला रबरी लेप दिला, पण तोही वेल्डिंगच्या जागा सीलरने बंद करून, सगळे कोरडे झाल्यावरच. गंजावर असा लेप दिला तर तो पाणी आतच कोंडतो. नव्या बोल्टांना ग्रीस लावून ते बसवले, म्हणजे पुढच्या वेळी सुटतील.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवसांच्या आत करता येतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पंचवीस क्रमांकाचा नमुना भरला. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून ५,००० रुपये झाले होते. शिवाय पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाडीला पाच वर्षांसाठी ३,००० रुपये पर्यावरण कर भरावा लागला. मुदत उलटून गेली तर महिन्याला पाचशे रुपये विलंब शुल्क लागते. विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र चालू असणे आवश्यक होते, म्हणून प्रदूषणाची तपासणी आदल्या दिवशी करून घेतली. एप्रिल अखेरीस तपासणीसाठी गाडी नेली. अधिकाऱ्यांनी दिवे, इंडिकेटर, ब्रेक, वायपर, टायर आणि भोंगा पाहिला, चासी आणि इंजिनाचा आकडा कागदाशी जुळवला, रंग पुस्तकातल्या नोंदीशी जुळतो हे पाहिले आणि डावीकडे खाली वाकून रनिंग बोर्डावर हाताने ठोकले. मी श्वास रोखून उभी होते. त्यांनी काहीच न बोलता पुढच्या रकान्यात खूण केली. तेथे सकाळी लवकर पोहोचावे, दुपारनंतर रांग वाढते. नवे पुस्तक मेच्या तिसऱ्या आठवड्यात टपालाने आले, मे २०२८ पर्यंतच्या मुदतीचे.

हिशेब असा झाला : फेंडर आणि त्यांचे भाडे ३,२०० रुपये, पत्रा ६००, अवजारे, स्टँड आणि मास्क मिळून ७,२००, प्रायमर, पुट्टी, थिनर आणि कागद ४,३००, वेल्डिंग ४,५००, रंगशाळा १४,०००, सीलर, मेण आणि रबरी लेप २,२००, एकूण ३६,०००. गॅरेजच्या अंदाजापेक्षा हजारभर जास्तच. पैसे वाचावेत म्हणून कोणी या कामात पडू नये, असेच मी सांगेन. याच पैशांत आतला पत्रा साफ झाला, कोठे काय लावले आहे, हे घरच्यांना ठाऊक आहे आणि अवजारे घरात राहिली. याच्या बदल्यात पाच महिने गाडी वापरता आली नाही आणि घरातल्या सर्वांना धूळ आणि आवाज सोसावा लागला, हेही धरायला हवे.

२०२३चा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा चाकांची आवरणे काढून पाहिली. गालिच्याखालचा तळ कोरडा आहे. डाव्या रनिंग बोर्डाच्या तुकड्याची कडा आतून छोट्या आरशाने पाहिली, मेणाचा थर शाबूत आहे. उजव्या मागच्या कमानीच्या आतल्या घडीत, जेथे दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले असल्यामुळे ब्रश किंवा प्रायमर पोहोचत नाही, तेथे तपकिरी रेषा दिसली. तेथे बारीक नळीने पुन्हा मेण सोडले आहे आणि ती रेषा लांबते आहे का, हे कळावे म्हणून तिच्या दोन्ही टोकांना खुणा करून तारीख लिहिली आहे. काचेखालच्या जाळीवर आता बारीक स्टीलची जाळी बसवली आहे आणि आंब्याची पाने तिच्यावर अडतात. ती आठवड्याला एकदा हाताने काढावी लागतात, ते काम बाबांनी आपल्याकडे घेतले आहे.